आधी अंदाज सांगा

एक बॅटरी घ्या. तिला तीन सारखे बल्ब एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडा. तिन्ही सारखेच पेटलेत. आता तिसऱ्या बल्बच्या दोन टोकांना एक जाड तार लावा. विजेला तो बल्ब टाळून जायला मोकळा रस्ता मिळाला, तेव्हा तिसरा बल्ब विझणार, हे बहुतेकांच्या लगेच लक्षात येतं. प्रश्न पहिल्या दोघांचा आहे. ते जास्त उजळतील, मंदावतील, की होते तसेच राहतील?

पुढं वाचण्याआधी मनात एक उत्तर ठरवा. माझा विषयच तो आहे.

हा प्रश्न मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात विचारते. समोरची मुलंमुली बारावीचं फिजिक्स पार करून आलेली असतात. दोन लूपचं सर्किट, किरचॉफचे नियम, तीन समीकरणं, तीन अनोळखी राशी असं गणित दिलं की बरीचशी मुलं न अडखळता सोडवतात. या तीन बल्बांवर मात्र वर्ग फुटतो. 'तसेच राहतील' म्हणणारा गट मोठा असतो. त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे: पहिल्या बल्बानं आपल्या वाट्याचा करंट घेतला, दुसऱ्यानं आपला घेतला, पुढं तिसऱ्याचं काही का होईना, या दोघांना त्याचा काय पत्ता? काहींना तर बल्ब करंट खातो असंच वाटत असतं. पहिल्यानं थोडा खाल्ला, उरलेला दुसऱ्याला, त्यातून उरला तो तिसऱ्याला.

उत्तर असं, की पहिले दोन बल्ब चांगलेच उजळतात. अडथळे तीन होते ते दोन झाले, करंट दीडपट झाला आणि प्रत्येक बल्बची पॉवर सव्वादोनपट. (फिलामेंट तापलं की त्याचा रेझिस्टन्स बदलतो, तो हिशोब इथं बाजूला ठेवलाय.) सर्किट एकसंध असतं. एका कोपऱ्यात बदल झाला की सगळीकडं बदलतं. हे ज्याला आतून कळलेलं नाही, त्याला किरचॉफचे नियम येतात असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पेपरात त्याला कितीही गुण पडोत.

प्रश्न मूळचा एरिक मझूर यांचा. हार्वर्डमध्ये ते फिजिक्स शिकवत. 1990 च्या सुमारास त्यांनी आपल्याच विद्यार्थ्यांना एका पेपरात नेहमीचं सर्किटचं गणितही घातलं आणि हे तीन बल्बही घातले. गणितात मुलांनी बरे गुण मिळवले, बल्बांच्या प्रश्नात त्यांचे गुण घसरले. त्यातून 1991 पासून त्यांनी वर्ग चालवण्याची रीतच बदलली. पंधरा-वीस मिनिटं सलग बोलायचं नाही. थोडं सांगायचं, मग असा एक प्रश्न टाकायचा ज्यात आकडेमोड नाही. प्रत्येकानं एक-दोन मिनिटं गप्प बसून आपलं उत्तर ठरवायचं आणि ते नोंदवायचं. वर्गात मतं विभागलेली दिसली, की शेजारच्याशी वाद घालायचा, त्याला पटवायचं. मग पुन्हा उत्तर नोंदवायचं. शेवटी शिक्षकानं उलगडून सांगायचं. याला त्यांनी 'पीअर इन्स्ट्रक्शन' म्हटलं. तिथं मुलांच्या हातात बटणांची यंत्रं आली. माझ्या वर्गात जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे आहेत, त्यांवर चार रंग. बडोद्याच्या मराठी घरांत लग्नपत्रिका साठवून ठेवायची सवय असतेच, आईनं गठ्ठाच काढून दिला. कार्ड छातीशी धरायचं, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही आणि मला सगळा वर्ग एका नजरेत दिसतो.

सगळ्यात मोलाची ती गप्प बसलेली दोन मिनिटं. हे मी अनेक शिक्षकांना सांगते आणि अनेकजण नेमकी तीच गाळतात. प्रश्न विचारला की पहिल्या बाकावरची दोघं उत्तर देतात, आपण 'शाब्बास' म्हणतो आणि पुढं जातो. बाकीच्या अठ्ठावन्न जणांना काय वाटत होतं, ते कुणाला कळतच नाही. त्यांचं त्यांनाही कळत नाही. उत्तर आधी नोंदवलं असेल तरच पुढचा वाद खरा होतो, कारण तोवर त्या उत्तरात माणसाचा जीव थोडा अडकलेला असतो.

आणि वाद सुरू झाला की वर्गाचा आवाज बदलतो. माझ्याशी अवघडलेल्या इंग्रजीत बोलणारी मुलं एकमेकांशी गुजराती, हिंदी, मधूनच मराठी, सगळं मिसळून बोलायला लागतात. 'अल्या, एम नथी' (अरे, तसं नाही) असं म्हणत एकजण दुसऱ्याचा कागद ओढतो. करंट खाल्ला जातो ही समजूत मला पहिल्यांदा कळली ती अशाच बाकामागं उभं राहून ऐकताना. इंग्रजी उत्तरपत्रिकेत ती कधीच दिसली नव्हती. पुस्तकातलं वाक्य पाठ करून लिहिलं की खालची समजूत झाकली जाते. घरच्या बोलीत भांडताना झाकता येत नाही.

आमच्या बडोद्याला ही गोष्ट नवी वाटायचं कारण नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढलं ते याच बेतानं. रंगकाम, छपाई, विणकाम, यंत्रकाम, इमारतकाम, चित्रकला हे सगळं शास्त्राच्या आधारानं शिकवायचं, आणि शिकवायचं ते मुलांच्या भाषेत. त्याची धुरा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडं होती. ते बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. गुजरातीत तांत्रिक पुस्तकं व्हावीत, शास्त्रीय शब्दांचा कोश व्हावा, म्हणून ते खपले. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासलं गेलं होतं. चाफेकर बंधूंचं नाव त्या प्रकरणाशी जोडलं जातं, हे मराठी वाचकाला ठाऊक असेल. तो डाग दगडाला इजा न करता काढून दिला तो याच गज्जरांनी. रसायनशास्त्र त्यांच्या हातात होतं, नुसतं फळ्यावर नव्हतं. पुढं 1907 साली बडोद्यात अलेंबिक उभी राहिली, तिच्या संस्थापकांत गज्जर, कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन ही नावं आहेत. शाळेतून कारखाना निघाला, असा हा क्रम. चित्रपटाचे दादासाहेब फाळके हेही कलाभवनचेच विद्यार्थी. 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान शाखेत सामावलं.

माझे आजोबा तिथं शिकले. ते फार बोलत नसत, पण फिटिंगच्या वर्गाची एक गोष्ट मात्र सांगत. लोखंडाचा तुकडा कानसीनं घासून त्याच्या दोन बाजू काटकोनात आणायच्या. मास्तर तो तुकडा घेत, त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं साधन, लावत आणि खिडकीच्या उजेडाकडं धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली, की तुकडा परत हातात. मास्तर रागवत नसत. 'बघ,' एवढंच म्हणत, आणि मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी बघे की फट कुठं आहे.

मला वाटतं, विज्ञान-इंजिनिअरिंगच्या वर्गात गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे काही खरोखर चांगलं नवं आलं, ते सगळं म्हणजे हा गुण्या आहे. वर्कशॉपमध्ये चूक दिसते. सांधा बसत नाही, नट आवळला जात नाही, मोटर फिरत नाही. व्याख्यानाच्या वर्गात मात्र चुकीची समजूत चार वर्षं बिनबोभाट राहू शकते, डिग्रीसकट बाहेर पडू शकते. मुलगा मान डोलावतो, वहीत उतरवून घेतो, पेपरात तेच लिहितो. फट असते, पण उजेडाकडं धरायची सोय नसते. ती सोय करून देणारी पद्धत मला हवी. जी पद्धत ती सोय करत नाही, तिला कितीही महागडा पडदा आणि प्रोजेक्टर लावला तरी तिच्यात नवं काही नाही.

हे नुसतं माझं मत आहे असंही नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड हेक यांनी 1998 साली मेकॅनिक्सच्या 62 अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र मांडले. सगळ्यांना सुरुवातीला आणि शेवटी न्यूटनच्या नियमांवरचे साधेच, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले होते. नुसतं व्याख्यान ऐकलेल्या वर्गांनी, सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं सरासरी एक चतुर्थांशाहूनही कमी मिळवलं. मुलांना बोलतं, करतं केलेल्या वर्गांनी जवळजवळ निम्मं. 2014 साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणित या विषयांतले 225 अभ्यास तपासले. व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सुमारे 34 टक्के, दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत सुमारे 22. ज्या घरातलं पहिलंच मूल इंजिनिअरिंगला आलंय, त्या घराला हा बारा टक्क्यांचा फरक काय आहे ते मी सांगायला नको. एक केटी, म्हणजे नापास होऊन मागं राहिलेला एक विषय, म्हणजे एक सेमिस्टरची फी, एक वर्षाचा पगार, आणि घरातल्या धाकटीच्या शिक्षणावर पडलेली सावली.

तरी मुलं तक्रार करतात. 'मॅम शिकवत नाहीत, नुसत्या विचारतात,' असं माझ्याविषयी विभागप्रमुखांपर्यंत गेलंय. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण ही तक्रार जगभर सगळीकडं आहे आणि तिचं कारणही आता माहीत आहे. हार्वर्डमध्येच लुई डेलोरिए आणि सहकाऱ्यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. एकच मजकूर, एका गटाला अनुभवी शिक्षकाचं ओघवतं व्याख्यान, दुसऱ्या गटाला तेच प्रश्न गटागटानं सोडवायला दिलेले. दुसरा गट चाचणीत पुढं होता. पण 'आपण किती शिकलो असं वाटतं' असं विचारल्यावर त्याच गटानं स्वतःला कमी धरलं. चांगलं व्याख्यान ऐकताना सगळं सुरळीत कळतंय असं वाटतं. स्वतः अडखळत सोडवताना काहीच येत नाही असं वाटतं. अडखळणं हेच शिकणं चालू असल्याचं लक्षण आहे, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यासाठी सेमिस्टरच्या सुरुवातीलाच हे उघड सांगावं, असं त्या संशोधकांचं म्हणणं आहे. मी पहिल्याच आठवड्यात मुलांना या प्रयोगाचा आलेख दाखवते. पालक भेटायला आले तर त्यांनाही दाखवते. एका मुलीच्या वडिलांनी तो फोनवर काढून घेतला. त्यांचं रावपुऱ्यात इलेक्ट्रिकचं दुकान आहे, म्हणाले, आमच्याकडंही नवा पोऱ्या नुसता बघून शिकत नाही.

आता प्रॅक्टिकलविषयी, कारण खरी हळहळ मला तिथं वाटते.

आपल्याकडं प्रॅक्टिकल म्हणजे फाइल. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणं, निष्कर्ष, आणि कोपऱ्यात सही. प्रयोगाचं उत्तर काय यायला हवं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, म्हणून रीडिंग मागून तयार होतात. आधी उत्तर, मग त्याला साजेसं टेबल. हे करणारी मुलं लबाड नाहीत. आपणच त्यांच्यापुढं असं काम ठेवलंय ज्यात ठरवण्यासारखं काही उरलेलंच नाही. नताशा होम्स आणि नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी 2018 साली लिहिलं, की थिअरी पक्की व्हावी म्हणून घेतल्या जाणाऱ्या अशा प्रॅक्टिकलचा थिअरीच्या गुणांवर त्यांनी तपासलेल्या नऊच्या नऊ अभ्यासक्रमांत मोजता येईल असा परिणाम दिसला नाही. इतका वेळ, इतकी उपकरणं, इतके सह्यांचे डोंगर, आणि हाती काही नाही. त्यांचा सल्ला असा, की प्रयोगशाळेत असं काहीतरी करावं जे फक्त तिथंच होऊ शकतं: काय मोजायचं, कसं मोजायचं, कशावर विश्वास ठेवायचा, हे मुलांनी ठरवावं.

म्हणून मी माझ्या वर्गाला ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकायला पाठवते.

बडोदा हे ट्रान्सफॉर्मरचं, स्विचगिअरचं गाव. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, गल्लोगल्ली वाइंडिंगची, कोअरच्या पत्र्यांची, टाक्यांची कामं चालतात. माझ्या वर्गात दर वर्षी दोन-चार मुलं तरी अशा घरांतली असतात. आणि प्रत्येकाच्या सोसायटीच्या कोपऱ्यावर एक डीपी, म्हणजे घराघरांत वीज पोचवणारा ट्रान्सफॉर्मर, असते. गुजरात वीज मंडळाचे (जीईबीचे) तुकडे पडून दोन दशकं होऊन गेली, पण आमच्याकडं अजून सगळे तिला 'जीईबीची डीपी'च म्हणतात. तिच्याजवळून गेलं की एक सलग, खालच्या पट्टीतली गुणगुण ऐकू येते. तिची फ्रीक्वेन्सी किती?

कार्डं वर येतात आणि जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो 50 हर्ट्झ. आपली वीज 50 हर्ट्झची, मग आवाजही तेवढाच. मी काही सांगत नाही. गटागटानं जा, जाळीच्या बाहेर उभं राहा, फोनवर मोजा आणि एक पान लिहून आणा: आधी काय वाटलं होतं, काय मिळालं, त्यावर किती विश्वास ठेवता. फोनवर फायफॉक्स नावाचं मोफत ॲप असतं. जर्मनीत आखेनच्या तंत्रविद्यापीठात ते तयार झालं, 2016 साली बाहेर आलं. फोनचा माइक, त्यातला ॲक्सिलरोमीटर, चुंबकत्व मोजणारा सेन्सर, हे सगळं त्यातून प्रयोगाला वापरता येतं. ज्या मुलाच्या हातात साधासा स्मार्टफोन आहे, त्याच्या खिशात एक छोटी प्रयोगशाळाच आहे, आणि आपण त्याला वर्गात फोन बाहेर काढू नको म्हणून दटावत असतो.

मुलं परत येतात ती गोंधळून. स्क्रीनवर 100 ला सुळका, 200 ला सुळका, 300 ला सुळका. 50 ला काहीच नाही. पहिली शंका फोनवर जाते: माइकला खालचा आवाज ऐकू येत नसेल. शंका रास्त आहे, फोनचे माइक खालच्या स्वरांना कमकुवत असतातच. मग एक गट दुसऱ्या फोनवरून 50 हर्ट्झचा स्वर वाजवायला बघतो, आपल्या माइकला तो ऐकू येतो का ते तपासायला, आणि त्यांच्या लक्षात येतं की त्या फोनचा स्पीकरही तेवढाच कमकुवत. कुणाच्या तरी घरून मोठा स्पीकर येतो. माझ्या लेखी इंजिनिअरिंगचं शिक्षण त्या क्षणी सुरू झालेलं असतं: उपकरणावर शंका घेणं, आणि ती शंका तपासायचा मार्ग आपला आपण काढणं.

100 हर्ट्झ का, याचं उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या पोटातल्या लोखंडात, म्हणजे कोअरमध्ये, आहे. लोखंड चुंबकित झालं की त्याच्या लांबीत अतिशय सूक्ष्म फरक पडतो. याला मॅग्नेटोस्ट्रिक्शन म्हणतात. चुंबकत्व या दिशेचं असो की उलट दिशेचं, फरक तसाच पडतो. विजेच्या एका फेऱ्यात चुंबकत्व दोनदा शिखर गाठतं, एकदा इकडं, एकदा तिकडं. म्हणून लोखंड सेकंदाला 50 नव्हे, 100 वेळा थरथरतं. हे फळ्यावर सांगायला मला तीन मिनिटं लागतात. तीच तीन मिनिटं मी प्रयोगाआधी खर्च केली असती तर ती कुणाच्या लक्षातही राहिली नसती.

मागं एका वर्षी सगळ्यात मागच्या बाकावर बसणारा, गुजराती माध्यमातून आलेला, वर्गात चकार शब्द न बोलणारा एक मुलगा होता. गुणगुणीच्या पानावर त्यानं लिहून आणलं, की त्याचे वडील मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मर जोडायचं काम करतात आणि कोअरचे बोल्ट नीट आवळलेत की नाही हे ते आवाजावरून सांगतात. ढिला कोअर वेगळा वाजतो. मी त्याला विचारलं, वेगळा म्हणजे कसा? तो दुसऱ्या दिवशी वडिलांच्या कारखान्यातून दोन रेकॉर्डिंगं घेऊन आला. आवळण्याआधीचं आणि आवळल्यानंतरचं. स्क्रीनवर पहिल्यात वरचे सुळके दाट होते. सगळा वर्ग त्याच्या फोनभोवती जमला. वडिलांच्या कानातलं ज्ञान आणि आमच्या पुस्तकातलं फूरिये ॲनालिसिस, म्हणजे आवाजातले सूर वेगळे करायचं गणित, एकाच स्क्रीनवर आलं होतं, आणि त्या दोहोंमध्ये दुभाषा होता तो मुलगा.

दुसऱ्या गटानं वेगळाच वाद काढला. नवरात्रात मैदानांवर एवढे दिवे, एवढे स्पीकर, डीपीवर एवढा भार, मग गुणगुण मोठी होत असणार. वाटतं खरं, पण कोअरमधलं चुंबकत्व मुख्यतः व्होल्टेजवर ठरतं, भारावर नाही. ते त्यांना पटेना. गरब्याच्या आवाजात मोजता येईना, म्हणून ते भर दुपारी मोजून आले आणि मध्यरात्रीनंतर मोजून आले. रात्री सुळका उठून दिसला. गुणगुण वाढली, की आजूबाजूचा आवाज कमी झाला? दोन्ही वेगळे कसे करायचे? त्यांच्या पानाच्या शेवटी तोच प्रश्न उभा होता, आणि मी त्या पानाला पूर्ण गुण दिले.

परीक्षेचं काय, हा पुढचा प्रश्न. मुलं जे तपासलं जातं तेच शिकतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. विद्यापीठाचा पेपर माझ्या हातात नाही, अंतर्गत गुण आहेत. तिथं मी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रुळलेली दोन टप्प्यांची परीक्षा वापरते. आधी प्रत्येकानं एकट्यानं पेपर सोडवून द्यायचा. लगेच तोच पेपर चौघांनी मिळून, एकाच उत्तरपत्रिकेवर सोडवायचा. बरेचसे गुण एकट्याच्या पेपरला, थोडे गटाला, आणि गटामुळं कुणाचे गुण कमी होत नाहीत. पेपर सुटल्यावर जिन्यात जी चर्चा होते, 'तुझं तिसऱ्याचं काय आलं?', तीच इथं परीक्षेच्या आत येते. एरवी पेपर तपासून हातात पडेपर्यंत तीन आठवडे जातात आणि तोवर झालेल्या चुकीचं कुणाला सोयरसुतक उरत नाही. इथं ती गरम असतानाच पकडली जाते.

शेजारच्या मध्य प्रदेशानं तर ही वाट शाळांसाठी आधीच चालून दाखवली होती. होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली सहावी ते आठवीच्या सोळा शाळांपासून विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. गावातली मुलं वर्गात स्वतः प्रयोग करत, निरीक्षणं मांडत, वाद घालत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती, कारण विचारायचं तेच असं होतं जे कुठून उतरवून काढता येत नाही. विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले शास्त्रज्ञ त्या शिक्षकांबरोबर राबले. 2002 साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम असं एका आदेशानं थांबावं, याचं दुःख मला आजही होतं. सहावीच्या मुलाला जे जमलं, ते इंजिनिअरिंगच्या मुलाला जमणार नाही असं कोण म्हणेल?

एनपीटीईएल हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम 2003 पासून आहे, आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं खेड्यातल्या मुलालाही फुकट मिळतात, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. घरी व्हिडिओ बघून यायचं आणि वर्गात सोडवायचं, हेही चांगलं चालतं, पण व्हिडिओबरोबर दोन प्रश्न हातात दिले असतील तरच. कॉलेजच्या मानांकनासाठी भरायच्या तक्त्यांबद्दलही थोडं. 2014 साली भारत वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्या एकमेकांनी मान्य करायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, कायम सदस्य झाला, तेव्हापासून विद्यार्थ्याला शेवटी काय करता येतं यावर भर आहे. हेतू अगदी योग्य आहे. फक्त ते 'करता येणं' तक्त्यात शोधू नये, वर्गात शोधावं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हे मात्र सगळ्यात मोठं वाया गेलेलं शेत आहे. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं प्रत्येक इंजिनिअरिंगच्या गावात असतात. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ 1974 पासून पहिल्या सेमिस्टरपासूनच गटानं प्रोजेक्ट करायला लावतं, जवळजवळ निम्मा वेळ त्यातच जातो, आणि प्रश्न बाहेरच्या जगातून येतो. आपल्याकडं आठ सेमिस्टरांपैकी सात मुलाला एकही निर्णय घेऊ द्यायचा नाही आणि आठव्यात त्यानं एकदम संशोधक व्हावं अशी अपेक्षा. मकरपुऱ्यातल्या एका शेडमध्ये जाऊन 'काका, तुमच्याकडं सारखं काय बिघडतं?' एवढं विचारलं तरी चार प्रोजेक्ट मिळतील. माझ्या मुलांना मिळालेत. त्यातला एक तर त्याच शेडमध्ये अजून चालू आहे: वाइंडिंगचे वेढे मोजणारा साधा सेन्सर, जुन्या प्रिंटरच्या भागांतून केलेला.

'पण पोर्शन कसा पूर्ण करता?' स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या टेबलावरचे सर हे विचारत. ते थर्मोडायनॅमिक्स शिकवतात, मनापासून शिकवतात. मी त्यांना माझी वही दाखवली. एकाच प्रकारचं तिसरं आणि चौथं गणित मी फळ्यावर सोडवत नाही. पुस्तकात नीट दिलेलं डेरिव्हेशन फळ्यावर उतरवत नाही, घरी वाचून यायला सांगते, आणि त्यातली कुठली पायरी कशामुळं येते एवढंच वर्गात विचारते. तासाला दोन प्रश्न, कधी तीन. वेळ पुरतो.

गेल्या सेमिस्टरला त्यांनी एक प्रश्न करून पाहिला. पातेल्यात पाणी खळखळ उकळतंय, गॅस मोठा केला, पाण्याचं तापमान वाढेल का? अर्ध्याहून जास्त वर्ग 'हो' म्हणाला. स्टीम टेबल वापरून टर्बाइनची एफिशियन्सी काढणारा वर्ग. ते तास संपल्यावर सरळ माझ्या टेबलाशी आले, कार्डं हातातच होती. आता ते प्रत्येक धड्याला एक असा प्रश्न जमवतायत. पहिल्या नियमाचे, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबाचे, चार झालेत. एन्ट्रॉपीवर, म्हणजे दुसऱ्या नियमावर, अडलंय. आकडेमोड नसलेला, रोजच्या व्यवहारातला आणि मुलांना नक्की दोन बाजूंना फोडेल असा प्रश्न आम्ही दोघं शोधतोय. परवा त्यांनी सुचवलं, की बंद खोलीत फ्रीजचं दार दिवसभर उघडं ठेवलं तर खोली गार होईल का? प्रश्न छान आहे, पण तो पहिल्या नियमानंच सुटतो, असं मी म्हटलं. ते नाही म्हणाले. मग आम्ही पाच वाजेपर्यंत त्यावरच भांडत बसलो.